सात नंबरचे आजोबा

सात नंबरचा पलंग रिकामा होता. चपला पलंगाखाली होत्या, माणूस नव्हता.

इनचार्ज सिस्टरनं बाथरूममध्ये पाहिलं, तिथंही कुणी नाही. मागच्या महिन्यात तिच्याच रात्रपाळीत एक आजी फाटकातून निघून थेट चौकात सापडल्या होत्या. तेव्हाच्या वॉचमनला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं, आणि मॅनेजरनं तिला सुनावलं, "आणखी एक गेला, की तुम्हीही गेलात."

आणि हे आजोबा तर आजच दाखल झालेले. दिवसपाळीची सिस्टर जाता जाता म्हणाली होती, "जन्मभर रखवालदारी केलीय. अजून ड्यूटीवरच आहोत असं वाटतं त्यांना." पहिल्या फेरीला ते डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले होते. चेहरासुद्धा दिसला नव्हता.

मावशींना तिनं मागच्या अंगणात पिटाळलं, ब्रदरला गच्चीवर, आणि स्वतः फाटकाकडे धावली.

"थांबा! कोण आपण?" एजन्सीनं आजच पाठवलेला नवा वॉचमन आडवा आला. टोपी कानांवर उतरलेली, पण आवाजात जरब.

"मी इथली इनचार्ज. कुणी आजोबा बाहेर गेले का?"

"मी असताना? चिमणीसुद्धा जायची नाही."

तिला जरा धीर आला. तेवढ्यात मागून मावशींची हाक आली, "सापडले हो!"

साठीपुढचा माणूस. नळाखाली पाय धूत उभा. अंगात बनियन, पायात काही नाही.

"अहो, मी वॉचमन आहे!" तो ओरडत होता. "हातपाय धुवायला आलो, तर कुणीतरी कोट, टोपी, बूट सगळं पळवलं!"

आता या वृद्धाश्रमात एक पक्का नियम होता. आठवण हरवलेल्या माणसाला 'नाही' म्हणायचं नाही. चार नंबरचे गुरुजी रोज हजेरी घेत, सगळे मुकाट्यानं 'हजर' म्हणत. शिंपीकाकांनी स्वयंपाकीणबाईंच्या ब्लाउजचं माप टॉवेलनं घेतलं, तेव्हा बाईंनी शिलाईही विचारून घेतली होती.

"हो तर, वॉचमनसाहेब," मावशी म्हणाल्या. "कोट धुवायला टाकलाय. तोवर जरा आडवे व्हा."

"अहो बाई, माझा फोन कोटात, कार्ड कोटात!"

"कोटातच असणार," ब्रदरनं मान डोलावली आणि त्याला हळूच दंडाला धरलं.

माणूस चिडला. रात्री चिडचिड वाढतेच. गरम दूध दिलं, ते त्यानं भिंतीवर उडवलं. दुसरा पेला दिला. "मग फाटकावर कोण आहे?" त्यानं विचारलं.

"आहे एक. अगदी कडक," इनचार्ज म्हणाली.

कडकच होता तो. आजोबा सापडल्याचं सांगायला ती गेली, तर पुन्हा, "थांबा! कोण आपण?"

"अहो, आत्ताच तर बोललो आपण!"

"नियम म्हणजे नियम."

रात्रभर ती सात नंबरच्या उशाशी बसून राहिली. डोळा लागला की माणूस दाराकडे सटकायचा. उजाडायला आलं तेव्हा कुठे तो थकला. तिचा हात धरून बारीक आवाजात म्हणाला, "सिस्टर, मी खरंच वॉचमन आहे ना हो?"

इतकी वर्षं या कामात काढूनही तिला भरून आलं. "आहात ना. तुमच्यासारखा वॉचमन शोधून सापडायचा नाही."

तो शांत झोपला.

सकाळी तिनं चार्ज दिला. सगळे आपापल्या पलंगावर, नोकरी शाबूत. फाटकाशी वॉचमन पुन्हा आडवा आला. "थांबा! कोण आपण?"

यावेळी ती हसलीच. या माणसाचं मॅनेजरकडे कौतुक करायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

एवढ्यात बाहेरून हातात पिशवी घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. वॉचमननं त्यांनाही अडवलं.

"थांबा! कुणाला भेटायचंय?"

बाईंनी त्याच्याकडे टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"तुम्हालाच, अहो. आणि हा कोट कुणाचा घातलात?"