मैदानावरचं हिरवं कापड

शेवटच्या वळणावर तांबडी घोडी कोसळली आणि बाप कापड घेऊन धावला. हिरवं, जाड कापड, दोन टोकांना दोन काठ्या. एक काठी त्याच्या हातात, दुसरी जोडीदाराच्या. शर्यतीत घोडा पडला की घोडा आणि प्रेक्षक यांच्यामध्ये ते ताणून उभं राहायचं, हे त्या दोघांचं काम. एरवी ते मैदानावरचं गवत कापायचे.

कामाचा नियम एकच होता. कापडाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, घोड्याकडे पाठ आणि कापडाकडे तोंड करून. मागे वळून बघायचं नाही. हा नियम कुठल्या साहेबानं घातला नव्हता, जुन्या माणसांनी नव्यांना शिकवला होता. बघितलं की हात कापतात आणि कापड खाली येतं, असं ते सांगायचे. त्यामुळे उभी हयात या कामात घालवूनही बापानं एकही घोडा मरताना पाहिला नव्हता. पाय मोडलेल्या घोड्याला डॉक्टर तिथंच सुई देऊन संपवायचा, त्यातलं मागून कानावर येईल तेवढंच.

आणि समोरून कानावर यायचे ते लोक. घोडा पडला की सगळीकडून "अरेरे" उठायचं, मग कापडापलीकडे बराच वेळ गलबला चालायचा. लोक हळहळतायत, असं बाप धरून चालला होता. तो गलबला त्याच्या मानगुटीवर बसला होता. घरात कुणी चादर झटकली तरी तो उठून बाहेर जायचा. नवरा चादरीला भितो, चोर आला तर मलाच उठावं लागणार, असं बायको शेजारणींना सांगून हसायची. तोही हसायचा. पण त्या गलबल्याचा त्याला आधारही होता. इतक्या माणसांचा जीव तुटतो, म्हणजे जग अगदीच दगडाचं नाही. आपण कापड धरतो म्हणून त्यांना निदान बघावं तरी लागत नाही.

आज मात्र पाठीमागे त्याची मुलगी होती. ती तांबडीची मोतद्दार. शिंगरू होती तेव्हापासून तांबडीला दाणापाणी तिचं, खरारा तिचा. सकाळी घोडी पुढचा पाय टेकवत नव्हती. मुलीनं ट्रेनरला सांगितलं. ट्रेनरनं डॉक्टरला बोलावून पाय बधिर करायचं इंजेक्शन द्यायला लावलं. घोडी लंगडेनाशी झाली आणि पाय बरा झाला, असं ठरलं. तेव्हा मुलगी धापा टाकत बापाकडे आली होती. तुम्ही इथले जुने आहात, चला, आपण दोघं वरच्या साहेबांना सांगू, म्हणाली. बापानं समजूत घातली. मोठ्यांच्या घोड्यांत आपण नाक खुपसू नये, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. ती तशीच वळून घोडीकडे निघून गेली. चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

आता मागे तांबडीचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता. ती पुन्हा पुन्हा उठू बघत होती आणि पुन्हा पुन्हा पडत होती. मुलगी तिला हळू आवाजात चुचकारत होती. डॉक्टरची पेटी उघडल्याचा आवाज झाला. बापानं नजर कापडाच्या विणीत रुतवली.

"बाबा, कापड खाली करा," मुलगी म्हणाली.

जोडीदारानं त्याच्याकडे बघून मान हलवली. नोकरी जाईल, एवढं त्याला त्यातून कळलं. ते त्यालाही ठाऊक होतं.

"सकाळपासून तिच्या नावानं ओरडतायत ते," मुलगी म्हणाली. "बघू दे त्यांना एकदा. बघितलं तर पुन्हा इथं पाऊल ठेवणार नाहीत."

सकाळी तिला नाही म्हटलं होतं. तेच नाही पुन्हा म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्यानं काठी सोडून दिली. कापड गवतावर पडलं. आता किंकाळी उठेल म्हणून त्यानं खांदे आवळून घेतले.

किंकाळी उठली नाही. गलबला होता तसाच चालू राहिला, फक्त आता तो कुठून येतोय ते दिसत होतं. लोक फाटकी तिकिटं पायाखाली टाकत होते. पुढच्या शर्यतीत कुणावर लावायचं यावरून दोघांची जुंपली होती. थंड पेयांच्या खिडकीपुढे रांग होती आणि रांगेत कुणीतरी विनोद केला होता. एका माणसानं पोराला खांद्यावर घेतलं होतं आणि तो त्याला जिंकलेला घोडा दाखवत होता. कठड्याला टेकलेल्या एका बाईनं तांबडीकडे पाहिलं, नीट पाहिलं. मग तिनं बापाला हातानं खूण केली, जरा बाजूला सरका, मागचा निकालाचा फलक दिसत नाही.

बाप बाजूला सरकला. सवयीनं सरकला, आणि त्याची त्यालाच शिसारी आली. मग तो नियम मोडून मागे वळला.

तांबडीनं मान उचलली होती. तिचा पाय जसा वळायला नको तसा वळला होता. डोळे टक्क उघडे होते आणि कान लोकांकडे लागले होते. तिकडून नेहमी आपल्या नावाची हाक येते, हे तिला माहीत होतं. मुलगीही लोकांकडेच बघत होती. मग तिनं तांबडीच्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"वर धरा, बाबा," ती म्हणाली. "हिला ही माणसं दिसायला नकोत."