कुणाच्या शेतातलं जिनसेंग

म्हातारीने कोंबडीच्या पोटातून जिनसेंगचं मूळ ओढून काढलं आणि कागदी रुमालावर ठेवलं. वाकून वास घेतला. मग पिशवीतून छोटी वही काढून तिने काहीतरी लिहिलं.

स्वयंपाकघराच्या दारातून माल्सुन बघत होती. बाईच्या पुढ्यात काळ्या मातीच्या भांड्यात सूप अजून रटरटत होतं आणि ही मुळं तपासत बसली होती.

"वहिनी, तपासनीस आहे ही," मागून ओकनम कुजबुजली. माल्सुनची ही नणंद भांडी घासता घासता सगळ्या खानावळीवर डोळा ठेवून असायची. "सरकारी ऑफिसातून आली असणार. वही बघ ना."

"एवढी म्हातारी?"

"मुद्दाम पाठवतात. म्हाताऱ्या बाईचा कुणाला संशय येणार?"

"तुला आला ना."

पण शंका माल्सुनलाही आलीच होती. उन्हाळ्यातल्या तीन कडक दिवसांपैकी आज पहिला. असल्या दिवशी अख्खं गाव घाम गाळत हेच सूप पितं; दुपारपर्यंत खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दी ओसरल्यावर ही एकटी आली. पाठीला पिशवी, पायांत चालायचे बूट. दारात बूट काढताना तिने मान वर करून पाटी वाचली होती, सावकाश, एकेक अक्षर. 'जिनसेंग आमच्याच शेतातलं.' माल्सुनच्या नवऱ्याने ती स्वतः रंगवली होती. तो जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या शेतातलं शेवटचं मूळ मागच्या वर्षी पातेल्यात पडलं. आता माल व्यापाऱ्याच्या ट्रकमधून यायचा. कुठल्या मातीतला, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

ओकनमने परगावचं नाव छापलेलं जिनसेंगचं खोकं पायाने सिंकखाली ढकललं आणि वर ओलं फडकं टाकलं.

"मालकीणबाई!" म्हातारीने हाक मारली.

माल्सुन मुळ्याच्या किमचीची, आंबवलेल्या लोणच्याची, वाटी घेऊन गेली. रिकाम्या हाताने जायचा धीर झाला नाही.

"हे मूळ कुणाच्या शेतातलं गं?"

"पाटीवर लिहिलंय की. आमच्याच."

"आणि शेत कुठाय?"

"मागेच. ओढ्यापलीकडे."

"अस्सं." म्हातारीने मूळ तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावत राहिली. "जेवण झालं की दाखव मला."

मग ती जेवायला लागली. इतकं मन लावून जेवताना माल्सुनने आज सकाळपासून कुणाला पाहिलं नव्हतं. तिने तंगडीचं मांस जेवायच्या काड्यांनी अलगद सोडवलं, मिठात टेकवलं. कोंबडीच्या पोटात भरलेला चिकट भात रश्श्यात कालवून चमच्याचमच्याने खाल्ला. सुपातलं लाल बोर चघळून बी तळहातावर काढली. बारीक हाडंसुद्धा तिने चोखून कोरडी केली. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि ती म्हणत होती, "आहाहा! आत कसं गारेगार वाटलं!" मग तिने पुन्हा वही उघडून दोन ओळी लिहिल्या.

"तपासनीस असं जेवत नाहीत," माल्सुन स्वयंपाकघरात येऊन म्हणाली.

"फुकट मिळणार असेल तर जेवतात," ओकनम म्हणाली. "तू जाऊ नकोस हं शेतात. पाय दुखतो म्हणून सांग."

माल्सुनला तसं सांगता आलं असतं. पण एका दिवसात किती खोटं बोलायचं? तिने एप्रन सोडला आणि म्हातारीच्या पुढे चालू लागली.

ओढा ओलांडून ती कित्येक महिन्यांनी आली होती. सावलीसाठी बांधलेलं काळं कापड खांबांवरून चिंध्या होऊन लोंबत होतं. वाफ्यांत गुडघाभर गवत. जिनसेंगचं एक पानही नव्हतं.

म्हातारी एकेका वाफ्यावरून नजर फिरवत चालली होती. 

"लिहा," माल्सुन म्हणाली. "काय लिहायचं ते लिहून टाका वहीत. पाटी खोटी आहे. शेत आमच्या ह्यांचं होतं, मला त्यातलं काही येत नाही. दोनदा चढले शिडीवर, पाटी काढायला. दोन्ही वेळा तशीच उतरले."

"अगं, पण लिहू कुणासाठी?"

"तुमच्या ऑफिससाठी."

"कुठलं ऑफिस?" म्हातारी हसली आणि तिने वही उघडून पुढे धरली. पानोपानी गावांची नावं, तारखा, सूप कसं होतं ते. आजच्या तारखेखाली तीनच ओळी होत्या.

मूळ कोवळं, दोन वर्षांचंही नसेल.

रस्सा उत्तम.

बाई घाबरलेली.

"मी सुदोक. गांगह्वा बेटावरची," म्हातारी म्हणाली. "चाळीस वर्षं हेच पीक काढलं. आता शेत मुलाकडे दिलंय. उन्हाळा आला की गावोगाव फिरते, सूप पिते. लिहिलं नाही तर विसरायला होतं."

"म्हणजे तुम्ही तक्रार नाही करणार?"

"जेवायला आले होते मी."

खांबाला धरून ती कष्टाने खाली बसली. गवत बाजूला सारून तिने अंगठा मातीत रोवला. थोडी माती चिमटीत घेऊन नाकाशी नेली, पुन्हा जागच्या जागी ठेवली आणि वरून हाताने थोपटली.

"पार थकलीय ही माती. झोपलीय. सात-आठ वर्षं तरी जिनसेंगसाठी उठवू नकोस."

माल्सुन तिच्याशेजारी उकिडवी बसली. तिनेही मातीवर हात ठेवला. वरचा थर तापलेला होता, बोटं आत गेली तशी गार लागली.

"तीळ टाकले तर चालतील?" तिने विचारलं, घरात नुकताच डोळा लागलेल्या माणसाला जाग येऊ नये इतक्या हळू आवाजात.