कळ ओसरेपर्यंत

"मला नाही जमायचं, ताई," पोरगी म्हणाली. पलंगाच्या दांड्याला धरून ती उभी होती. "डॉक्टरीणबाईंना बोलवा ना."

"बोलावलंय. पण त्या पलीकडच्या खोलीत ऑपरेशनमध्ये अडकल्यात. बाळ काही त्यांची वाट बघत बसणार नाही."

"बाप रे!"

"बाप रे काय? या खोलीत सगळ्या हेच म्हणतात. आण तो हात इकडे."

हात पार गारठला होता. ताईंनी तो दोन्ही हातांत घेऊन चोळला.

ताई म्हणजे या प्रसूतिगृहातली सगळ्यांत जुनी सुईण. सुया आणि सलाइन कुणीही लावेल, पण घाबरलेल्याला धीर द्यावा तो ताईंनीच. ओरडणारीला त्या खुशाल ओरडू देत. शिव्या देणारीच्या शिव्या ऐकून घेत आणि वर विचारत, "एवढ्याच येतात होय?" त्यांचा नियम मात्र एकच. कळ आली की बडबड बंद. ती ओसरेपर्यंत हात धरायचा आणि श्वास घ्यायचा, बस्स. आज सकाळी त्या इतक्या घाईत आल्या होत्या की पांढरा कोट घरीच राहिला होता. जीभ तेवढी बरोबर आली होती.

"मागच्या वेळी ऐन वेळी मला भोवळ आली," पोरीचा आवाज रडवेला झाला. "आजही तसंच झालं तर? बाळाला काही झालं तर मी काय करू?"

"अगं वेडाबाई, मागच्या वेळी तोंडावर पाणी कुणी मारलं होतं? मीच ना? आणि तेव्हा तू..."

ताई मध्येच थांबल्या. कळ आली होती. खोली गप्प झाली. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट आवळले आणि श्वास आत, श्वास बाहेर सुरू केलं. दोघींच्याही कपाळावर घाम आला.

"हं, गेली," ताई म्हणाल्या. "काय म्हणत होते मी? हां, तेव्हा तू उपाशी होतीस. आज खाल्लंस ना काही?"

"थोडंसं."

"मग झालं तर."

दार ढकलून प्रसूतिगृहातल्या मावशी टॉवेल घेऊन आत आल्या. "ताई, आज तरी तोंडाला विश्रांती द्या हो."

"तोंडाला कसली विश्रांती? बाहेर काय हालहवाल?"

"बाळाच्या बेकरीवाल्या बाबांनी फेऱ्या मारून मारून फरशी झिजवलीय."

"त्यांना म्हणावं बाकावर बसा, नाहीतर त्यांच्यासाठीही पलंग मांडावा लागेल. आणि माझ्या पिशवीत बिस्किटं आहेत, ती द्या त्यांना. सकाळपासून उपाशी असतील."

पोरगी फिसकन हसली. हसताना तिचे ताठरलेले खांदे खाली आले. ताईंना तेच तर हवं होतं.

मावशींनी यंत्र लावलं तसे बाळाच्या हृदयाचे ठोके खोलीभर ऐकू यायला लागले.

"ऐकलंस? बाळ मजेत आहे. घाबरलीयस ती तू एकटी."

"तुम्हाला नाही वाटत भीती?"

ताईंनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "वाटते की. या खोलीत मला रोज वाटते. आज जरा जास्तच वाटतेय. म्हणून तर तुझा हात धरून बसलेय."

पोरीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला फार माया वाटली ताईंची. आपला हात गार होता हेही ती विसरली.

पुढची कळ आधीपेक्षा मोठी होती. ती ओसरल्यावर ताईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"वेळ झाली गं. भोवळ येतेय असं वाटलं तर माझ्याकडे बघ आणि मोठा श्वास घे. बाकी कुणाचं ऐकू नकोस. जमेल तुला, मी सांगते ना."

पोरीने मान हलवली आणि हात सोडवून घेतला. मावशींनी दिवा जवळ ओढला. मग कळांमागून कळा आल्या आणि नियमाप्रमाणे कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी मात्र एक किंकाळी पार बाहेरच्या बाकापर्यंत गेली आणि बेकरीवाल्यांच्या हातातलं बिस्किट खाली पडलं.

"आलं! ताई, आलं!" पोरगी ओरडली.

बाळाने असा काही सूर लावला की मावशींचा जीव भांड्यात पडला. "मुलगी हो!" त्यांनी दारातूनच बाहेर ओरडून सांगितलं.

पोरीच्या हातांत ते एवढंसं ओलं बाळ पाय झाडत होतं. ती हसत होती, रडत होती आणि त्याच्यावरची नजर काढायला तयार नव्हती. ताईंचेही डोळे वाहत होते.

"बघ, जमलं की नाही?" पलंगावरून दोन्ही हात पुढे करत ताई म्हणाल्या. "एकटीने केलेलं पहिलं बाळंतपण, आणि भोवळ नाही की काही नाही! आता रडणं पुरे, शिकाऊबाई, माझी लेक माझ्याजवळ दे."