स्वतःच्या दातांनी

बीबीसोराने सुटकेस पुन्हा उघडली आणि लोकरीचे मोजे आत कोंबले. नारमुरादने ते पुन्हा बाहेर काढले.

"अगं, केनियाला चाललोय मी. तिथे ऊन असतं."

"उन्हाच्या गावाला रात्र होत नाही का? पाय गार पडले की तुमचा खोकला सुरू. मग पाठ कोण चोळून देणार, टोळ?"

मोजे आत राहिले. भांडायचं त्राण दोघांच्याही अंगात नव्हतं. सकाळपासून निम्मी गल्ली येऊन चहा पिऊन गेली होती. कुणी सिंहापासून जपा म्हणालं, कुणी पाण्यापासून. नारमुराद प्रत्येकाला सांगत होता, की आपण टोळांच्या कामासाठी चाललोय, आणि जो तो विचारत होता, की का, इथले संपले का?

संपले कुठले! कार्शीच्या माळावर टोळांवर औषध मारण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि त्याच औषधाने त्याची छाती पार खाऊन टाकली होती. या हिवाळ्यात त्याला दवाखान्यातून उचलून घरी आणलं, तेव्हा बीबीसोराला वाटलं, चला, आता तरी हा माणूस घरी टिकेल. तर केनियाहून बोलावणं आलं. वाळवंटी टोळ! आजवर त्याने ज्याचं फक्त चित्र पाहिलं होतं, तो. तेव्हापासून त्याचे डोळे लग्न ठरलेल्या पोरासारखे झाले होते. पाय मात्र म्हाताऱ्याचेच. दोन पायऱ्या चढला की तिसरीवर बसायचा.

"टोळ बघायला समुद्र ओलांडून जाता," ती गोळ्यांची पाकिटं मोज्यांत सारत म्हणाली, "आणि माझ्या बहिणीकडे समरकंदला जायचं म्हटलं की गुडघे दुखतात."

"तुझी बहीण मी पाहिलेली आहे."

तिला हसू आलं आणि आलं म्हणून रागही आला. सुटकेस बंद होईना, तेव्हा ती झाकणावरच बसली.

"आणि परत नाही आलात तर?"

"येईन की."

"सगळेच म्हणतात."

तिने कड्या लावल्या.

सून दिलफुझा तंदुरातला ताजा नान घेऊन आली. लांबच्या प्रवासाला निघालेल्याने उंबऱ्याच्या आत नानचा एक घास चावून खायचा. उरलेला घरच्यांनी भिंतीला टांगून ठेवायचा, आणि त्याने परत येऊन तोच संपवायचा. माळावर जाताना नारमुराद दर वसंतात हे करत आला होता. त्याने नान घेतला, झटकन चावला आणि बायकोच्या हातात दिला.

बीबीसोराने तो खिडकीपाशी नेऊन नीट बघितला. दातांची खूण कशी सरळ उमटली होती, मक्याच्या दाण्यांसारखी.

"हे कवळीने चावलंत."

"मग? तोंडात तीच आहे."

"मग परत कोण येणार? कवळी?"

दिलफुझाने ओढणीचं टोक तोंडाला लावलं. "आई, चालतं हो. देवाला कळतं सगळं."

"देवाला कळतं गं. मला कळायला नको का?" तिने नान फिरवून दुसरी बाजू पुढे धरली. "काढा ती."

तो चिडला, पुटपुटला, पण त्याने कवळी काढून सुनेने धरलेल्या वाटीत टाकली. गाल आत गेले. एका क्षणात तो दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला. वरच्या हिरडीत एकच सुळा शिल्लक होता, सोन्याचं टोपण घातलेला.

"हाही सोन्याचाच दिसतोय की," तो बोबडं बोलला.

"वरून असेल. आतून तुमचा आहे. चावा."

त्याने मान वाकडी करून नानचा काठ सुळ्याखाली धरला. कड खरपूस भाजलेली होती. तो ओढत राहिला, धापा टाकत राहिला. बाहेर मुलाने गाडीचा भोंगा वाजवला. ताश्कंदचं विमान कुणासाठी थांबणार नव्हतं. नारमुरादने सगळा जोर लावला. कट् करून आवाज आला, आणि त्याचा हात तोंडावर गेला. बोटांना रक्त लागलं.

"अगंबाई!" दिलफुझा म्हणाली. अशा वेळी असं काही होणं बरं नव्हे, हे तिघांनाही ठाऊक होतं. बीबीसोराचा चेहरा पांढराफटक पडला.

तिने नान हातात घेतला. चावल्या जागी सुळा मुळासकट रुतून बसला होता. सून तो उपटायला पुढे झाली, तशी बीबीसोराने तिच्या हातावर चापट मारली. कपाटातला चांगला रुमाल काढला, नान त्यात बांधला, स्टुलावर चढून खिळ्याला टांगला आणि गाठ ओढून बघितली.

"दात गेला," नारमुराद म्हणाला. त्याला रडू येईलसं वाटत होतं.

"गेला कुठे? घरीच आहे." ती स्टुलावरून उतरली आणि त्याच्या कोटाची बटणं लावायला लागली. "आता उरलेले तुम्ही परत या."