सीडी अडकते तिथे

बायको लिडिया गेल्यानंतरचा पहिलाच नाताळ. निर्मळच्या चर्चमधल्या मिस्साहून परतलेल्या इनासने शेजारून आलेलं ताट झाकूनच ठेवलं आणि टीव्ही लावला. "डॅडी, दरवर्षी तोच जुना पिक्चर काय बघता?" अशी कुरकुर करतच लेकाने कॅनडातून त्याची नवी प्रत पाठवली होती. घरातली सीडी पहिल्यापासूनच होडीच्या प्रसंगात अडकायची. चित्र गोठलं की लिडिया स्वयंपाकघरातूनच नायिकेचं हुकलेलं वाक्य म्हणून टाकायची, "तुम्ही जेवून घ्या, मी आलेच." वीस वर्षं इनासने तेच खरं मानलं. आज पिक्चर कुठेच अडकला नाही. होडीने किनारा सोडला आणि नायिका म्हणाली, "माझी वाट पाहू नका." इनासने पिक्चर बंद केला. कपाटातून चरे पडलेली सीडी काढून लावली. होडीपाशी चित्र गोठलं. ताटावरचं झाकण काढत तो स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "जेवतो गं. तू ये सावकाश."