काळी चाकं

बशीर मिस्त्रीने पोत्यातून मोटारसायकलचं चाक काढलं आणि दुकानासमोर उन्हात ठेवलं. काळं अलॉयचं चाक. कडेचा वीतभर तुकडा उडालेला होता.

अहेरीहून टेम्पोत घालून आणलेली बुलेट लाकडी ठोकळ्यावर उभी होती. शेजारी हरिदास. त्याचे सासरे दादाजी बसा म्हटलं तरी बसले नव्हते.

रीता जाऊन महिना झाला होता. जावयाने गाडी बेफाम पळवली म्हणून पोरगी मेली, असं दादाजी गावात सांगत होते. हरिदास म्हणत होता, चाक फुटलं. मिस्त्रीच्याच तोंडून ऐकतो, म्हणून ते सोबत आले होते.

"सांग भाऊ. जोरात चालवल्याबिगर असं फुटते काय?"

बशीरने फुटक्या कडेवरून अंगठा फिरवला.

"फुटते बावाजी. खड्ड्यात तारेचं चाक वाकते. ठोकलं का सरळ होते. हे वाकत नाई. दोन माणसं अन् सामान असलं का हळू चालवूनही तुटते. एकदम हवा जाते."

"मंग असे चाकं लावले काऊन?"

बशीरला सगळं आठवत होतं. हरिदास आणि रीता याच गाडीवरून कन्याकुमारीला निघणार होते, तेव्हा चाकं बदलायला इथेच आले होते. हरिदासला तारेचीच हवी होती. बशीरही म्हणाला होता, जंगलातला रस्ता आहे, जाड तारा टाकून देतो. रीता हसली होती. "चाचा, तारेचे चाकं त दूधवाल्याच्या गाडीलेही असते." काळी तिने निवडली. निघाले त्याच सकाळी, आष्टीच्या अलीकडे, मागचं फुटलं.

बशीरने हरिदासकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"मीनं निवडले," हरिदास म्हणाला.

"हरिदासभाऊ..."

"मीनंच. दिसाले चांगले वाटले."

"अन् रीता?" दादाजींनी विचारलं. "रीता काईच बोलली नाई?"

हरिदासने उन्हातल्या फुटक्या चाकाकडे पाहिलं.

"बोलली मामाजी. तारेचे घ्या म्हणे. मीनं ऐकलं नाई."

दादाजींनी दुपट्ट्याने डोळे पुसले.

"हुशार होती माही पोरगी," ते बशीरला म्हणाले. "लहानपणापासून. तिले समजे."

"हो बावाजी."

मग ते जावयाकडे वळले. "वर्षसराधाले येजो नोको. तुह्या हातचं पाणीही नोको तिले."

हरिदासने मान हलवली. दादाजींनी टेम्पोतली पिशवी उचलली आणि एस.टी. स्टँडच्या दिशेने चालायला लागले. हरिदास त्यांच्या मागे गेला नाही.

"काऊन असं केलं?" बशीरने विचारलं.

"तारेचे बसव. जाड."

बशीरने चाकं बसवली. पान्याने एकेक तार आवळली, चाक फिरवून त्याचं डगमगणं काढलं. हरिदास समोर बसून पाहत होता. शेवटी बशीरने हवेची नळी ओढली आणि मागच्या चाकाशी उकिडवा बसला.

"एकट्याचीच भरतो. मांगं कोणी नाई आता. जास्त भरली त लय उसळते."

"दोघाची भर," हरिदास म्हणाला.