मरणाचे कपडे

“आजी, गाठोडं ठेव! तोफा थांबल्यात तोवर निघू,” मी ओरडले. मोत्र्याआजीने ते आणखी घट्ट कवटाळलं. आमची स्वयंसेवकांची ॲम्ब्युलन्स चालवणारा ओस्ताप हसला. “सोनं आहे का गं आत?” “माझ्या मरणाचे कपडे आहेत, मेल्या! शवपेटीत अंगावर घालायला वीस वर्षं जपलेत.” गाठोड्यासकट तिला गाडीत घेतलं. खारकीवच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच शेजारी गोळा फुटला. तुकडा दार फोडून ओस्तापच्या मांडीत घुसला. रक्त थांबेना. पट्ट्या सकाळीच संपलेल्या. आजीने गाठोडं सोडलं. पांढऱ्या कापडावर तिने भरलेली लाल फुलं होती. माझे हात थबकले. “बघत काय बसलीस? फाड!” जखम घट्ट आवळून, ओस्तापला मागे निजवून मी स्टिअरिंग धरलं. आजी त्याला दटावत होती, “डोळे उघडे ठेव! नवे कपडे शिवून होईपर्यंत मला मरता यायचं नाही, आणि सुईत दोरा तूच ओवायचास.”